कानाच्या आतली वीज : न बोलणाऱ्याच्या कानाची तपासणी कशी होते?

लेखक : ऊस विकास अधिकारी



या सदरातून आपण आजवर बेणे निवड, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या असे विषय पाहिले. आजचा विषय उसाचा नाही, कानाचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने कानाच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण साधे आहे. शिवारात फिरताना बांधावर बसून ज्या गोष्टी निघतात त्या काही नुसत्या उसाच्या नसतात. कोणाचे नातवंड दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. कोणाला दारे धरताना एकाएकी घेरी येते आणि कानात शिट्टी वाजते. कोणाच्या मुलाने कारखान्याच्या मिल विभागात पंधरा हंगाम काढले आणि आता चार माणसांत बसला की त्याला बोलणे उमगत नाही.

या तिन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच जागी असते. ती जागा म्हणजे कानाचा सर्वांत आतला भाग, अंतर्कर्ण. तेथे बॅटरी मारून काही दिसत नाही. मग डॉक्टर काय करतात? "ऐकू येतं का?" असे विचारतात. मोठा माणूस उत्तर देईल, पण दोन महिन्यांच्या लेकराने काय सांगावे? येथेच विजेची तपासणी उपयोगी पडते. कानात आवाज सोडायचा आणि त्या आवाजाने आतल्या भागात जी किंचितशी वीज तयार होते ती मोजायची. उत्तर माणसाकडून न घेता थेट कानाकडून घ्यायचे. या तपासणीला इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे : इलेक्ट्रो म्हणजे वीज, कॉक्लिआ म्हणजे कानातला शंख, ग्राफी म्हणजे आलेख काढणे. शंखातल्या विजेचा आलेख.

१) आधी कान समजून घेऊ

कानाचे तीन भाग. बाहेरचा भाग म्हणजे पाळी आणि पडद्यापर्यंतची नळी. पडद्याच्या पलीकडे मधला कान. तेथे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडे एकमेकांना जोडलेली आहेत. पडदा हलला की हाडे हलतात आणि तो धक्का आत पोचवतात. तिसरा भाग अंतर्कर्ण. येथे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे. वेढे उलगडून सरळ केली तर तिची लांबी साधारण साडेतीन सेंटीमीटर भरेल. तिच्यात पाण्यासारखा द्रव आहे, आणि त्या द्रवात हलणाऱ्या पडदीवर अतिशय सूक्ष्म केसांच्या पेशी ओळीने बसवलेल्या आहेत. बाहेरच्या ओळींत सुमारे १२,००० आणि आतल्या ओळीत सुमारे ३,५००.

शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, कर्कश आवाज टिपतात. टोकाकडच्या पेशी ढोलासारखा जाड, घुमणारा आवाज टिपतात. म्हणजे एका पाटावर जशी निरनिराळ्या वावरांची दारे असतात तशी आवाजाच्या प्रत्येक पट्टीची जागा तेथे ठरलेली आहे. ही गोष्ट जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने दाखवून दिली. मूळचा तो टेलिफोन खात्यातला संशोधक. या कामाबद्दल त्याला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. या केसांच्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. उसाला खोडवा असतो, कानाला नसतो.

२) शंखातला पालाश

आता वीज कोठून येते ते पाहू. आपण उसाला पालाश देतो, म्हणजे पोटॅशियम. शंखाच्या मधल्या नळीतल्या द्रवातही पोटॅशियम भरपूर असते, तर बाजूच्या नळ्यांतल्या द्रवात सोडियम जास्त असते. या फरकामुळे आणि नळीच्या भिंतीतल्या एका पट्ट्याच्या कामामुळे मधल्या नळीत सुमारे ८० मिलिव्होल्टचा दाब कायम तयार असतो. जणू भरलेली बॅटरीच. आवाजाने द्रव हलला की पेशींवरचे केस वाकतात, त्यांच्यावरची बारीक दारे उघडतात, पोटॅशियम पेशीत शिरते आणि विजेचा प्रवाह सुरू होतो. पेशी खालच्या मज्जातंतूला इशारा देते, तंतू तो मेंदूकडे नेतो. तेव्हा कोठे आपल्याला "अहो, ऐकलंत का?" ही हाक ऐकू येते.

ही वीज माणसाला प्रथम कळली १९३० साली. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे वीव्हर आणि ब्रे या दोघांनी बेशुद्ध केलेल्या मांजराच्या कानाच्या मज्जातंतूवर तार लावली, तारेतली वीज वाढवून दूरच्या खोलीतल्या टेलिफोनच्या रिसीव्हरला जोडली. एकजण मांजराच्या कानाशी बोलला आणि दुसऱ्याला लांबच्या खोलीत ते शब्द समजले! मांजराचा कान टेलिफोनच्या मायक्रोफोनसारखा वागत होता. पुढे इंग्लंडच्या एड्रियनने दाखवले, की ही वीज मुख्यतः तंतूची नसून शंखातली आहे. म्हणून तिला शंखाची मायक्रोफोन-वीज असे नाव पडले. माणसाच्या कानाला इजा न करता हा आलेख काढण्याची रीत मात्र १९६७ च्या सुमारास बसली. फ्रान्समध्ये पोर्टमन व आरान आणि जपानमध्ये योशी यांनी ती जवळपास एकाच वेळी पुढे आणली. मधली इतकी वर्षे का गेली? कारण ही वीज फार थोडी आहे आणि ती वेचून काढायला गणकयंत्र लागते. ते कसे ते आता पाहू.

३) तपासणी कशी होते?

रुग्णाला आडवे झोपवतात. कपाळावर आणि कानाजवळ बारीक पट्ट्या चिकटवतात. एक तार कानाच्या नळीत किंवा थेट पडद्याला अलगद टेकवतात. काही ठिकाणी कान बधिर करून पडद्यातून बारीक सुई शंखाच्या भिंतीपर्यंत नेतात. सुईने आलेख ठळक येतो, पण ते काम सरावाच्या डॉक्टरांचेच. मग कानात टकटक असा आवाज सोडतात, सेकंदाला साधारण दहाच्या आसपास. रुग्णाने काही करायचे नाही, सांगायचे नाही. निवांत पडून राहायचे.

प्रत्येक टकटकीनंतर शंखातून येणारी वीज मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते. टॉर्चच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट, म्हणजे १५ लाख मायक्रोव्होल्ट असतात. कानाच्या नळीतल्या तारेवर येणारा इशारा कित्येकदा एका मायक्रोव्होल्टहूनही कमी असतो. त्यातच डोळ्यांची, मानेच्या स्नायूंची, मेंदूची वीज मिसळलेली. मग हा बारीक इशारा वेगळा कसा काढायचा?

मातीचा नमुना आपण कसा काढतो ते आठवा. एका जागची माती घेतली तर ती शेणाच्या ढिगाजवळची निघेल किंवा बांधालगतची निघेल, खरे कळणार नाही. म्हणून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची माती घेऊन एकत्र करतो. चुकीचे जास्त-कमी आपोआप एकमेकांत जिरते आणि वावराचा खरा गुण उरतो. यंत्रही हेच करते. शेकडो, कधी हजारांवर टकटकींचे आलेख एकावर एक ठेवून सरासरी काढते. इकडची तिकडची वीज दर वेळी वेगळी असते, ती पुसली जाते. कानाचा इशारा दर वेळी ठरल्या क्षणी येतो, तो टिकतो. हा सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात, म्हणजे १० मिलिसेकंदांत संपतो.

आलेखात तीन खुणा पाहतात. पहिली मायक्रोफोन-वीज. ती आली म्हणजे केसांच्या पेशी जाग्या आहेत. दुसरी एक बैठी उंची, जी आवाज चालू असेपर्यंत टिकते. ती शंखातल्या पडदीच्या कलाची बातमी देते. तिसरी उंच उडी. मोठ्या आवाजाला ती साधारण दीड मिलिसेकंदात येते. ती मज्जातंतूची, म्हणजे इशारा तारेत शिरला याची पावती. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या उंचीचे प्रमाण डॉक्टर काढतात.

४) घेरी, शिट्टी आणि तुंबलेला शंख

ही तपासणी विशेष करून वापरली जाते ती मेनियरच्या विकारात. प्रॉस्पर मेनियर हा पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतला डॉक्टर. घेरीचे मूळ मेंदूतच असते असा त्या काळी समज होता. १८६१ साली त्याने सांगितले, की काही घेऱ्या कानातून येतात. या विकारात शंखाच्या मधल्या नळीतला द्रव वाढतो, चारीत पाणी तुंबावे तसा. पडदी एका बाजूला फुगते. मग माणसाला वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत सगळे घर फिरल्यासारखे होते, उलट्या होतात, एका कानात भरल्यासारखे वाटते, घूं-घूं किंवा शिट्टी ऐकू येते आणि त्या कानाने कमी ऐकू येते. पुन्हा उतार पडतो, पुन्हा येते. आलेखात बैठी उंची वाढलेली दिसते. तिचे उडीशी प्रमाण साधारण ०.४ ते ०.५ च्या वर गेले, तर शंख तुंबल्याचा संशय बळावतो. नेमका आकडा तारेची जागा आणि यंत्र यांवर अवलंबून असतो.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. एक, रोगाचे निदान एकट्या आलेखावर होत नाही. डॉक्टर आधी हकीकत ऐकतात, श्रवणमापन करतात, आलेख त्याला जोड देतो. दोन, कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद गरगरणे हा वेगळा, पुष्कळ जास्त आढळणारा विकार आहे आणि तो बहुधा डोके ठराविक रीतीने फिरवून बरा करता येतो. म्हणून "चक्कर आली, पित्त झालं असेल" म्हणून लिंबू-सरबतावर भागवू नका. वारंवार घेरी येणाऱ्याने विहिरीच्या काठावर, ट्रॅक्टरवर, उसाच्या भरलेल्या गाडीवर किंवा कारखान्यात गव्हाणीजवळ काम करणे जिवावरचे आहे. तपासून घेईपर्यंत त्याला जमिनीवरचे काम द्या. घरच्यांनी हे पाहिले पाहिजे, कारण तो स्वतः सांगणार नाही.

५) तान्हे लेकरू

आता या लेखातील मुख्य गोष्ट. जन्मतः ऐकू न येणारी बाळे जगभरात दर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन असतात. बाळ दिसायला गोजिरवाणे, हसते, नजरेला नजर देते. म्हणून घरात शंका येत नाही. गटाच्या एका बैठकीनंतर एका वयस्क सभासदाने विषय काढला तो असा :

"साहेब, नातू बावीस महिन्यांचा झाला. बाबा नाही, आई नाही, काहीच म्हणत नाही. पण आमच्यात समदेच उशिरा बोलत्यात. मीच म्हणे तीन वर्षांनी बोललो."

"नाना, मागून हाक मारली तर वळून बघतो का?"

"थाळी वाजवली तर दचकतो की."

"थाळीचा हादरा अंगालाही जाणवतो, नाना. ओझरचं विमान डोक्यावरून गेलं तर वर बघतो का?"

नाना गप्प झाले. मग त्यांची सूनबाईच हळूच म्हणाली, "नाही बघत. मी चार महिन्यांपासून सांगतेय, पण घरात म्हणतात वेखंड लाव जिभेला."

वेखंडाने जीभ सैल होत नाही. बाळ बोलत नाही कारण त्याने बोलणे ऐकलेले नाही. घसा बरा, जीभ बरी, बुद्धी बरी, पण कानावाटे भाषा आत गेलेली नाही. नानांच्या नातवाची तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होते. त्याला कानयंत्रे बसली, शिकवणे सुरू झाले. सूनबाई चार महिने जे सांगत होती तेच यंत्राने सांगितले. आईच्या संशयाला घरात किंमत द्या, एवढेच यातून घ्यायचे.

बाळांची तपासणी कशी करतात हे समजण्यासाठी आपली पाण्याची मोटार घेऊ. वावराच्या टोकाला पाणी येत नाही. वायरमन काय करतो? तेथे उभ्या गड्याला "पाणी आलं का?" एवढेच विचारून थांबत नाही. फ्यूजला टेस्टर लावतो, स्टार्टरला लावतो, केबलला लावतो, मोटारीचा आवाज ऐकतो. कानाचेही तसेच आहे.

बटण दाबून उत्तर घेण्याचे श्रवणमापन म्हणजे टोकाच्या गड्याला विचारणे. ते मोठ्या माणसाला चालते.

ओएई ही तपासणी म्हणजे मोटारीचा आवाज ऐकणे. निरोगी शंखातून स्वतःहून बारीक प्रतिध्वनी बाहेर येतो, हे १९७८ साली लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवले. कानात छोटी गुडदी बसवून काही मिनिटांत बाळाची प्राथमिक तपासणी होते.

इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी म्हणजे स्टार्टरला, म्हणजे शंखालाच टेस्टर लावणे.

बेरा ही तपासणी म्हणजे केबलभर टेस्टर फिरवणे. शंखापासून मेंदूच्या देठापर्यंत इशारा कोठवर पोचला ते ती सांगते. बाळ दूध पिऊन झोपले की डोक्यावर पट्ट्या चिकटवून ती करतात. दुखत नाही.

तान्ह्या बाळांत ओएई आणि बेरा याच जास्त वापरतात. परंतु शंखाची मायक्रोफोन-वीज बेराच्या आलेखातच, टकटकीची दिशा उलटसुलट करून वाचता येते आणि तिचे महत्त्व फार आहे. ते असे : काही बाळांत केसांच्या पेशी ठीक असतात, पण तंतूत इशारा विस्कळीत होतो. स्टार्टर चांगला, केबल तुटलेली. अशा बाळाची ओएई पास होते, मायक्रोफोन-वीज येते, पण बेरात लाटा उमटत नाहीत. जन्मल्यावर फार तीव्र कावीळ झालेली, अपुऱ्या दिवसांची, जन्मताच न रडलेली बाळे यांत हा दोष आढळतो. म्हणून ज्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवले होते किंवा ज्याची काविळीसाठी रक्तबदली झाली, त्याची नुसती ओएई करून घरी येऊ नका. बेरा करायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

घाई कशासाठी? नांग्या भरण्याचे उदाहरण घ्या. लागणीनंतर महिना-दीड महिन्याच्या आत नांग्या भरल्या तर रोप बाकीच्या उसाबरोबर वाढते. तीन महिन्यांनी लावलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत खुरटते. रोपाचा काही दोष नसतो, वेळ गेलेली असते. मेंदूत भाषेची जागा भरण्याचा काळ पहिल्या दोन-तीन वर्षांचा. म्हणून जगभर एक-तीन-सहा हा नियम सांगितला जातो : एक महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू.

उपाय म्हणजे कानयंत्र आणि बोलण्याचे शिक्षण. कानयंत्राने भागत नसेल तर शस्त्रक्रिया करून शंखात तारा बसवतात, त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. मेलेल्या पेशींना बगल देऊन ते यंत्र तंतूला थेट वीज देते. आपल्या देशात ही शस्त्रक्रिया प्रथम १९८७ साली मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. सँड्रा देसा सूझा यांनी केली. पुढे मुंबईचेच डॉ. मिलिंद कीर्तने यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले, त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बसवलेल्या तारांमधून तंतूचा विजेचा प्रतिसाद मोजून यंत्र लागू झाले की नाही हे पाहतात. म्हणजे आपली आजची तपासणी तेथेही आहेच. आणि ज्या लेकराला यंत्राने लाभ होणार नाही त्याला खुणांची भाषा लवकर शिकवावी. ती अपुरी भाषा नाही, पूर्ण भाषा आहे. लेकराला कोणती ना कोणती भाषा वेळेवर मिळाली पाहिजे.

नात्यातल्या लग्नाबद्दलही बोलले पाहिजे. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. बहिरेपणाचा दोष काही घराण्यांत लपून वाहतो, त्या माणसाला स्वतःला उत्तम ऐकू येते. असे दोन लपलेले वाहक नवरा-बायको झाले तर प्रत्येक बाळाला बहिरेपणाची शक्यता चारांत एक. नात्यात लग्न झाले की एकाच आजा-आजीचा दोष दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. घराण्यात असे मूल असेल तर लग्नाआधी विचार करावा, आणि झालेल्या बाळाची पहिल्या महिन्यात तपासणी करावी. गरोदरपणी आईला रुबेला झाल्यानेही बाळ बहिरे होऊ शकते. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली ती याचसाठी. मुलींची ही लस चुकवू नका.

६) मिलचा आवाज आणि नाशिक ढोल

गाळप सुरू झाले की मिल, टर्बाइन, सेंट्रिफ्युगल येथे शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. एक हात अंतरावरच्या माणसाशी ओरडावे लागले तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असे ढोबळमानाने समजावे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली, जगातील पुष्कळ तज्ज्ञ ८५ धरतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या रोगांच्या यादीत गोंगाटाने आलेले बहिरेपण समाविष्ट झाले, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही ते आहे. म्हणजे हा कामातून येणारा रोग आहे, कामगाराची कटकट नव्हे.

या बहिरेपणात आधी बारीक आवाजाच्या, ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशी जातात. म्हणून सुरुवातीला कळत नाही. २००९ साली अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवले, की मोठ्या गोंगाटानंतर श्रवणमापन पुन्हा नीट आले तरी पेशी आणि तंतू यांमधले सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. "ऐकू येतं, पण गर्दीत उमगत नाही" ही तक्रार कदाचित यातून येत असावी. माणसांत हे ओळखण्यासाठी याच आलेखातील तंतूची उडी लहान झाली आहे का, याचा अभ्यास चालू आहे.

कानात कापसाचा बोळा घालून आवाज अडत नाही. मिळालेले इअर प्लग किंवा मफ वापरा, आणि वर्षातून एकदा श्रवणमापन करून घ्या. आपला नाशिक ढोल सगळ्यांचा अभिमानाचा, पण वरातीत तान्ह्या बाळाला ढोलासमोर किंवा डीजेच्या भिंतीसमोर घेऊन उभे राहू नका.

७) कोठे जावे?

पहिली पायरी आपले प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी आणि आशाताई. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत श्रवणदोषाचा समावेश आहे. तेथून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जाता येते. आडगाव येथे मविप्र समाजाचे १९९० साली सुरू झालेले डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे कान-नाक-घसा विभाग आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही श्रवणदोषासाठीची केंद्र सरकारची संस्था. अली यावर जंग हे आपल्या राज्याचे राज्यपाल होते. लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडीप योजनेतून मदत मिळते, तिचे काम ही संस्था पाहते. कोणती तपासणी करायची आणि ती कोठे होईल हे तज्ज्ञ ठरवतील. आपले काम वेळेवर दाराशी जाण्याचे.

उजळणी

१. बाळ बोलत नसेल तर जिभेच्या आधी कान तपासा.
२. तपासणीला बाळाचे वय आड येत नाही. उत्तर कान देतो, बाळाने द्यायचे नसते.
३. तीव्र कावीळ झालेल्या, पेटीत ठेवलेल्या बाळासाठी बेराविषयी विचारा.
४. घेरी, शिट्टी आणि एका कानाने कमी ऐकू येणे हे तिन्ही एकत्र आले तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. तोवर विहीर आणि ट्रॅक्टर वर्ज्य.
५. गेलेली केसांची पेशी परत येत नाही. मिल विभागात कान झाका.
६. कानात तेल, काडी, हेअरपिन घालू नका.

अभ्यासासाठी प्रश्न : (अ) ओएई पास आणि बेरा नापास असेल तर बिघाड स्टार्टरमध्ये की केबलमध्ये? (ब) हजार टकटकींची सरासरी का काढतात? (क) आपल्या गल्लीत एक वर्षाखालील किती बाळे आहेत आणि त्यांपैकी कितींचे कान तपासले आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लेखात आहेत. तिसऱ्याचे उत्तर सभासद भगिनींनी महिला मंडळाच्या बैठकीत काढावे आणि यादी आशाताईंकडे द्यावी, ही विनंती.